चारास एक

शनिवारी सकाळी सातच्या सुमाराला आमच्या घरात पेट्रोलचा वास आला. तो आधी मला आला, पण मी काही बोललो नाही. मला वास येतात, आवाज ऐकू येतात आणि निम्म्या वेळा ते नसतातच, हे घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. मी पेपर वाचत बसलो. दहा मिनिटांनी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, पेट्रोलचा एवढा वास सुटलाय आणि तुम्ही बसलाय काय?"

"मला वाटलं, मलाच येतोय."

"नाक तरी स्वतःचं आहे ना? निदान त्याच्यावर तरी विश्वास ठेवा."

तोवर ठकी मागच्या दारातून अंगणात गेलीही होती. ठकी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. वय सव्वीस, पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटलेलं नाही. ती मोटरसायकलीशेजारी उकिडवी बसली होती. टाकीच्या खाली, डाव्या अंगाला, मागच्या कोपऱ्यात एक थेंब जमत होता. तो फुगायचा, जरा थांबायचा आणि इंजिनावर पडायचा. की दुसरा तयार.

गाडी जुनी होती, ठकीने महिन्यापूर्वीच घेतलेली. तिला ती लागणार होती सोमवारी, सकाळी नऊ वाजता. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. गावोगावच्या विहिरी, नळ, टाक्या यांतून बाटल्या भरायच्या आणि ठरलेल्या वेळेत आणून द्यायच्या, असं काम. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की उमेदवाराने स्वतःच्या नावावरची, चालू स्थितीतली दुचाकी घेऊन हजर व्हावं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं जाईल. या कामासाठी ती चौदा महिने थांबली होती. तोवर एका दुकानात चपलांचे खोके वर चढवायचे आणि खाली उतरवायचे, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं.

"दोन दिवस आहेत," ती उठत म्हणाली. "एवढंसं भोक आहे. बुजवू."

मी म्हणालो, "नाही बुजलं तर?"

"बाबा, अजून सुरुवातही केली नाहीये."

ती कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेली. मीही गेलो, कारण घरी बसून काळजी करण्यापेक्षा चालता चालता केलेली बरी. वेल्डरने डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर चढवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"टाकी मी करत नाही, ताई. तुम्ही ती दहा पाण्यांनी धुवा, आत वाफ राहतेच. ठिणगीला तेवढी पुरते. आमच्या उस्तादांच्या भुवया पाहिल्यात का तुम्ही? त्या पेन्सिलीने काढलेल्या असतात. रोज सकाळी वहिनी काढून देतात."

"मग मी काय करू?"

"आगीशिवाय करा. दोन डब्यांचा लेप मिळतो, इपॉक्सीचा. एका डबीत राळ, एकीत हार्डनर. दोन्ही कालवून लावायचं, दगडासारखं होतं. पत्रा मात्र चांदीसारखा घासा. आणि पेट्रोल काढाल तेव्हा आजूबाजूला कुणी काडी ओढायची नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही ओढता का?"

मी नाही म्हणालो. पण असं विचारलं की मला उगाच आपण ओढत असल्यासारखं वाटतं.

ठकी दुकानातून लेपाचं पाकीट घेऊन आली. त्यात एकाच मापाच्या दोन चपट्या पत्र्याच्या डब्या होत्या, एकीवर 'अ', दुसरीवर 'ब'. सोबत आठ घड्यांचा एक कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला.

"हा तुमचा," म्हणत तिने कागद माझ्या हातात दिला. "वाचून ठेवा. आम्ही तोवर टाकी उतरवतो."

मी छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. बाकी कशाबद्दलही मी छातीठोकपणे बोलू शकत नाही. बसचा क्रमांक मी दोन जणांना विचारतो, कुलूप लावल्यावर परत येऊन ओढून बघतो. पण छापलेला कागद समोर आला की माझी पाठ ताठ होते. तिथे मला कुणाला विचारावं लागत नाही.

मी दाराच्या उंबऱ्यावर बसलो, कानामागची पेन्सिल काढली आणि वाचायला लागलो. अंगणात माय-लेकींचं काम जोरात चाललं होतं. ठकीने पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी काढली, तिला लांब नळी जोडून सगळं पेट्रोल डब्यात उतरवलं आणि डबा कुंपणापाशी सावलीत नेऊन ठेवला. मग सीट निघाली. सीटखालचा बोल्ट गंजला होता, तो काही हलेना.

"दे इकडे," बायको म्हणाली. तिने पान्यावर पाय दिला आणि सगळा भार टाकला. बोल्ट कर्र करून फिरला. "वजन वाईट नसतं, कळलं ना? रोज मला चाला म्हणून सांगता."

"आई, पडली असतीस."

"पडले असते तर बोल्टावरच पडले असते. तरी फिरला असता."

इकडे माझ्या कागदात अकरा चुका निघाल्या होत्या. एक ओळ दोनदा छापली होती. 'पृष्ठभाग कोरडा करावा' ही सूचना लेप लावून झाल्यानंतर आली होती. एका ठिकाणी तापमान अंशात होतं, दुसऱ्या ठिकाणी तासांत. कसले लोक असतात हे, असं मनाशी म्हणत मी समासात खुणा करत गेलो. आणि मग प्रमाणाची ओळ आली. धातूसाठी: 'अ' चार भाग, 'ब' एक भाग.

मी शेजारच्या डब्यांकडे बघितलं. दोन्ही तंतोतंत सारख्या. चारास एक घ्यायचं असेल तर 'ब'ची पाऊण डबी वाया जाणार. असं कोणता कारखाना करील? शिवाय त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लाकडासाठी 'दोन्ही समभाग' असं लिहिलेलं होतं. अकरा चुका करणाऱ्याने बारावी केली, एवढंच. मी चारावर तिरकी रेघ मारली आणि समासात एक लिहिला. आयुष्यात मी फार थोड्या गोष्टी खात्रीने केल्या आहेत. ही त्यातली एक.

टाकी उतरल्यावर ठकीने ती साबणाच्या पाण्याने सहा वेळा धुतली. प्रत्येक वेळी आत मूठभर खडी टाकून ती पाळण्यासारखी हलवायची आणि लाल पाणी ओतून द्यायची. मग टाकी उन्हात पालथी ठेवली. दुपारी ती खडखडीत वाळल्यावर तिने टाकीचं तोंड घट्ट बंद केलं, कॉकच्या भोकाला सायकलचा पंप जोडला आणि आईला साबणाचा फेस करायला सांगितला. मी पंपाचा दांडा हळूच दाबला. डाव्या कोपऱ्यात, सांध्याच्या कडेला, फेसातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली.

"सापडलं," ठकी म्हणाली. तिने खडूने भोवती गोल काढला आणि सगळीकडे फेस लावून पुन्हा तपासलं. तेवढं एकच होतं. मग ती पॉलिशपेपर घेऊन बसली. आधी रंग गेला, मग गंज गेला आणि शेवटी पत्र्याचा रुपयाएवढा तुकडा असा चमकायला लागला की त्यात तिचं बोट दिसत होतं. मला वेल्डरची चांदी आठवली. तो भाग तिने थिनरने पुसला आणि म्हणाली, "हं, बाबा. वाचा."

छापखान्यात आम्ही जोडीने वाचत असू. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बघायचं. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा म्हणतो. सवय जात नाही.

"धातूसाठी, अपूर्णविराम, 'अ' एक भाग, स्वल्पविराम, 'ब' एक भाग, पूर्णविराम."

"स्वल्पविराम किती चमचे घालू?" बायकोने विचारलं.

ठकीने डब्या उघडल्या. 'अ'ची काठोकाठ भरलेली होती. 'ब'ची उघडल्यावर तिने तोंड वाकडं केलं. तिच्यात जेमतेम पाव डबी माल होता.

"बघा. दुकानदाराने उरलेली डबी गळ्यात मारली."

"छपाई अशी, तर माल कसला असणार," मी म्हणालो.

तिने फरशीच्या तुकड्यावर दोन्ही सारखं घेतलं. जरा सढळ हातानेच, कारण पहिल्या हाताला कमी पडलं तर मधे थांबता येत नाही. चांगलं घोटलं, लेप लावला, त्यावर कापडाची चकती बसवली आणि वरून पुन्हा लेप दिला. लावलेला थर इतका गुळगुळीत होता की बायकोसुद्धा काही बोलली नाही. कागदावर लिहिलं होतं, बारा तासांत हाताला घट्ट, चोवीस तासांत पक्कं. टाकी पडवीत उंचावर ठेवली.

रविवारी सकाळी आठ वाजता ठकीने नख लावून पाहिलं. नख रुतलं. दहा वाजता पुन्हा पाहिलं, पुन्हा रुतलं. अकरा वाजता तिने कापडाची कड ओढली तर ती ओल्या डिंकावरचा कागद सुटावा तशी निघून हातात आली.

ती पडवीच्या पायरीवर बसली.

"घासायला कमी पडले असेन. नाहीतर हाताला तेल असेल."

"थिनरने पुसलं होतंस," बायको म्हणाली. "मी बघितलं."

"मग कालवताना चुकले. काहीतरी चुकलेच. माझ्या हाताला काही म्हणून साधत नाही."

"हे वाक्य या घरात फक्त एकालाच म्हणायची परवानगी आहे," बायको म्हणाली आणि तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

ठकी हसली नाही. एरवी हसली असती. ती हातातल्या चिकट कापडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "उद्या सकाळी फोन करून सांगते त्यांना. नाही जमत म्हणून. आपण होऊन सांगितलेलं बरं."

ते वाक्य माझंच होतं. छापखान्यात मला मुख्य तपासनीस करायचं ठरलं तेव्हा मी हेच म्हणालो होतो. आपण होऊन सांगितलेलं बरं. त्याच सुरात आणि असंच खाली बघत. मुलीचं नाक माझ्यावर गेलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण नाकाने कुणाचं काही अडत नाही.

मी कागद उचलला. नुसताच हाताला चाळा. मग दुसऱ्या हाताने 'ब'ची डबी उघडली, आत काय कचरा भरलाय ते बघायला. आतल्या बाजूला, पावाच्या उंचीवर, पत्र्यातच एक बारीक रेघ गोलाकार दाबलेली होती. मापाची रेघ. तिथपर्यंत डबी भरलेली होती, हे वरच्या वाळलेल्या कडेवरून दिसत होतं. दुकानदाराने काही गळ्यात मारलं नव्हतं. डबीत तेवढंच भरायचं होतं. 'अ' भरलेली आणि 'ब' पाव. म्हणजे चारास एक.

माझी पाचावर धारण बसली. कागदावर माझी रेघ होती, माझा एक होता. मी डबी बाहेरून पाहिली होती आणि छापलेलं खोडलं होतं. छत्तीस वर्षांत मूळ प्रत न बघता मी कधी एक अक्षर बदललं नव्हतं. आणि इथे मूळ प्रत त्या डबीत होती, झाकणाखाली.

कुणाला कळलं नसतं. दुकानदाराच्या नावाने आम्ही बोटं मोडलीच होती. पेन्सिलीची रेघ, तीही हलक्या हाताची, खोडायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि खोडरबर माझ्या खिशात होतं. पण ठकी पायरीवर बसून आपले हात उलटेपालटे करून बघत होती.

"ठके," मी म्हणालो, "तुझं काही चुकलेलं नाही. चुकी माझी आहे."

"बाबा, आता तुम्ही सुरू करू नका."

"नाही, ही माझी नेहमीची नव्हे. ही खरोखरची आहे. हे बघ." मी कागद आणि डबी दोन्ही तिच्या पुढ्यात ठेवलं. "छापलेलं बरोबर होतं. चारास एक. मी ते सुधारलं."

ती कागद बघत होती. मग तिने डबीत डोकावलं आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. बायकोही वाकली.

"तुम्ही," बायको सावकाश म्हणाली, "मीठ पुरेसं आहे की नाही ते तीनदा विचारता. आणि इथे कारखान्याला शिकवायला गेलात."

"हो."

"डबी उघडून तरी बघायची."

"हो."

यापुढे ती बरंच काही बोलणार होती आणि मी ऐकायची तयारी करून बसलो होतो. पण ठकी मधेच म्हणाली, "म्हणजे माझं घासणं बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"आणि लावणं?"

"आजवर मी त्याहून गुळगुळीत काम पाहिलेलं नाही."

"मग उठा," ती म्हणाली. ती स्वतः उठलीच होती. "आई, तो बोथट सुरा दे. बाबा, तुम्ही कागद परत वाचा. पण छापलंय तसा. तुमचं मत नको."

ओला लेप खरवडायला सोपा गेला, हा त्यातल्या त्यात फायदा. ठकीने पत्रा पुन्हा घासला, थिनरने पुसला. 'ब'च्या डबीच्या तळाशी आता उणापुरा एक चमचा उरला होता. रविवार, दुकान बंद. म्हणजे एकदाच करता येणार होतं. तिने दर वेळी चमचा भरून सुऱ्याच्या कडेने सपाट केला, चारदा 'अ' घेतलं, एकदा 'ब' आणि घड्याळ लावून पाच मिनिटं घोटलं. मी वाचत होतो, ती मान हलवत होती. मधे तिने मला थांबवलं.

"तापमानाची ओळ परत."

"साठ अंश उष्णता दिल्यास सहा तासांत पक्कं." मग न राहवून मी म्हणालो, "इथे अंश आहे. मागे तास आहे. ते मात्र खरंच चुकलंय."

"मत नको म्हटलं ना," ती म्हणाली, पण या वेळी ती हसत होती.

आता उष्णता द्यायची कशी? आगीजवळ टाकी न्यायची नव्हती. बायको आत गेली आणि आपल्या गुडघ्यांची रबरी पिशवी घेऊन आली, गरम पाण्याने भरलेली. लेपावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पिशवी, त्यावर घडी केलेलं जुनं ब्लँकेट. दर अर्ध्या तासाने ती आत जायची आणि नवं पाणी भरून आणायची. मी म्हणालो, मी करतो, तर म्हणाली, "तुम्ही पाणी गरम आहे की नाही ते बोट घालून बघाल, मग विचाराल, मग परत बघाल. तेवढ्यात गार होईल."

दुपारी एक ते संध्याकाळी सात. सात वाजता ठकीने नख लावलं. नख सरकलं. तिने पान्याच्या टोकाने ठोकून पाहिलं, तर टण् असा पत्र्यासारखाच आवाज आला. पंप लावला, फेस लावला. फेस नुसता बसून राहिला आणि आपोआप विरला. तिने आतून पुन्हा एकदा टाकी वाळवली आणि जाऊन झोपली. झोप लागली कशी, हे मला कळलं नाही. मला लागली नाही.

सोमवारी सहाला तिने टाकी चढवली. सीटखालचा बोल्ट आता तेल लावल्यामुळे मुकाट बसला. पेट्रोल परत ओतलं. मी टाकीखाली कालचा पेपर पसरला आणि उकिडवा बसून अर्धा तास त्याच्याकडे बघत राहिलो. अग्रलेखावर एक थेंब पडला नाही. ठकीने टाकीखाली बोटं फिरवली, बोटं हुंगली आणि माझ्या नाकापुढे धरली.

"येतोय वास?"

"नाही."

"तुम्हालाच नाही, की नाहीच?"

"नाहीच," मी म्हणालो.

तिने किक मारली. गाडी दुसऱ्या किकेला सुरू झाली. बायकोने तिला फाटकापर्यंत पोचवलं आणि ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आत येऊन गप्प भांडी लावत बसली. तीही घाबरली होती, हे मला तेव्हा कळलं.

दहाला पाच कमी असताना फोन आला. बायकोने तो उचलून मोठ्या आवाजावर ठेवला.

"झालं," ठकी म्हणाली. मागे कुणाच्या तरी गाड्या चालू होत होत्या. "इथल्या मॅडम बाहेर येऊन गाडी बघतात. एकेकाची. माझ्या टाकीखाली वाकल्या आणि म्हणाल्या, हे काय आहे? म्हटलं, भोक पडलं होतं, बुजवलंय. त्यांनी नखाने टोकरून बघितलं."

"मग?" बायकोने विचारलं.

"मग म्हणाल्या, कुणी केलं? मी म्हटलं, मी. त्यांनी नंबर लिहून घेतला आणि मला उत्तरेकडचा पट्टा दिला. लांबचा आहे तो. म्हणाल्या, वाटेत गाडी बिघडली तर स्वतः बघू शकेल असं कुणीतरी तिकडे हवंच होतं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तुमचं नाव नाही घेतलं हो तिने."

"बरोबर केलं," मी म्हणालो, आणि मला ते अगदी बरोबर वाटत होतं.

"काय म्हणतायत बाबा?" ठकीने विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "निघ तू. किती गावं आहेत?"

"अकरा बाटल्या आहेत. दुपारी माझ्यासाठी थांबू नका, जेवून घ्या."